गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना मधेच डाग पडले तर काय करायचं

"सिस्टर, गोळ्या चालू आहेत तरी मधेच लाल जातंय. बंद करू का?"

आमच्या ग्रामीण रुग्णालयात कुटुंब नियोजनाच्या खोलीत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे. उत्तर आधी देते, कारण बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं कळलं पाहिजे. पाकीट मधेच बंद करू नका. आजची गोळी आज, रोजच्या वेळेला घ्या. मग शांतपणे खाली लिहिलेलं एकेक तपासा. काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर एक दिवसही वाट बघायची नाही, त्याही सांगते.

मी नर्स आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी. तपासणं आणि निदान करणं हे डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच बाई गोळ्या सोडून देते, आणि दोन महिन्यांनी नको असलेला गर्भ घेऊन येते, हे मी फार पाहिलंय. म्हणून हे लिहितेय.

मधेच बंद केलं तर नेमकं काय होतं? गोळीतलं हार्मोन अंगातून उतरलं की दोन-तीन दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव सुरू होतो. म्हणजे जे थांबावं म्हणून गोळी सोडली, तेच वाढतं. वरून गर्भ राहण्यापासूनचं संरक्षणही जातं. नवऱ्याला वाटतं बायको गोळ्या घेतेय, बायकोला वाटतं पाळी सुरू आहे म्हणजे भीती नाही. दोघंही चुकीच्या भरवशावर असतात.

रक्त येतं कुठून

माला-एन ही गर्भनिरोधक गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आशाताईंकडेही मिळते; माला-डी नाममात्र किमतीत. दोन्हींत औषध एकच. पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१ पांढऱ्या हार्मोनच्या, ज्यांत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल असतं. उरलेल्या ७ रंगीत गोळ्या लोहाच्या. पांढऱ्या संपून लोहाच्या सुरू झाल्या की जे रक्त येतं, ते हार्मोन थांबल्यामुळे येतं. ते नेहमीपेक्षा कमी असतं, गडद असतं, दोन-तीन दिवसांत आटोपतं. "रक्त साठून राहिलं का आत?" असं खूप जणी विचारतात. काही साठत नाही. गोळीमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर मुळातच पातळ बनतं, तर बाहेर पडायलाही थोडंच असतं.

आता मधल्या डागांचं कारणही हेच अस्तर. पातळ सारवण वाळताना जसं ठिकठिकाणी तडकतं, तसं नव्या हार्मोनची सवय होईपर्यंत हे पातळ अस्तर मधूनमधून सुटतं आणि थोडं रक्त येतं. पहिल्या महिन्यात शंभरातल्या दहा ते तीस जणींना असं होतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत हे प्रमाण दहाच्या खाली येतं. म्हणून आम्ही तीन महिने धीर धरा म्हणतो.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. गोळ्या रोज, न चुकता घेतल्या असतील तर डाग पडले म्हणून गोळीचा परिणाम कमी झालेला नसतो. डाग आणि गर्भ राहण्याची शक्यता यांचा थेट संबंध नाही. संबंध आहे तो राहून गेलेल्या गोळीचा.

आधी पाकीट हातात घ्या

माझ्याकडे कुणी आलं की मी पहिल्यांदा पाकीट मागते. तोंडी "रोज घेते हो" असं सगळ्याच सांगतात आणि खरंच तसं वाटत असतं त्यांना. पण पाकीट उलटं करून बघितलं की मंगळवारची गोळी जागेवर असते. बाणाची दिशा सोडून मधलीच ओळ फोडलेली असते. कधी लोहाच्या गोळ्या आधी संपवलेल्या असतात आणि पांढऱ्या शिल्लक. कधी लोहाच्या सातही जशाच्या तशा असतात, "त्यांनी शौचाला काळी होते म्हणून टाकून दिल्या." लोहाची गोळी न घेतल्याने डाग पडत नाहीत. पण ती घेत राहिलं की रोजची सवय मोडत नाही आणि नवं पाकीट वेळेवर सुरू होतं. शिवाय आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन बघता ती टाकून देऊ नयेच. काळी शौच लोहामुळे होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग मी विचारते, पाकीट घरात कुठे ठेवता?

हा प्रश्न कुठल्या छापील फॉर्मवर नसतो, पण माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा आहे. खूप जणी देवघराच्या कोनाड्यात ठेवतात, कारण संध्याकाळी दिवा लावताना गोळीची आठवण होते. कल्पना चांगली आहे. पण डाग दिसला, की घरात शिवाशिव पाळत असतील तर देवघराकडे जायचं नाही. झालं, गोळी राहिली. गोळी राहिली म्हणून रक्त वाढलं, रक्त वाढलं म्हणून आणखी दोन दिवस देवघर बंद. चार दिवसांनी ती बाई माझ्यासमोर येऊन म्हणते, "या गोळ्यांनी मला त्रासच जास्त झाला." तसंच स्वयंपाकघरातल्या फळीचं, मसाल्याच्या डब्याचं. जिथे पाळीच्या दिवसांत तुमचा हात पोचत नाही, तिथे गोळी ठेवायची नाही. पर्समध्ये ठेवा, कपड्यांच्या घडीत ठेवा, उशाच्या ट्रंकेत ठेवा. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही एवढं बघा.

वेळही एकच हवी. रात्री जेवणानंतर घेतलेली बरी, मळमळ कमी जाणवते. आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या बायका पहाटे अंधारात उठून फडावर जातात, रात्री कधी गाडी भरायला थांबावं लागतं. त्यांना मी "रात्री नऊला घ्या" असं सांगत नाही. पहाटे चहा होतो ना, तो कुठल्याच दिवशी चुकत नाही, तर त्याच्या बरोबर घ्या. ज्या कामाला सुट्टी नाही त्या कामाला गोळी बांधायची. मोबाइलवर गजर लावणाऱ्यांनी जरूर लावावा.

गोळी राहिली असेल तर

एक पांढरी गोळी राहिली, तर आठवण होताक्षणी ती घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला. एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. निरोध वापरायची गरज नाही. त्या एका चुकीने दोन दिवस डाग पडू शकतात, ते आपोआप थांबतात.

लागोपाठ दोन किंवा जास्त पांढऱ्या राहिल्या, म्हणजे जी गोळी घ्यायला हवी होती तिच्या वेळेपासून ४८ तास उलटून गेले, तर गोष्ट बदलते. राहिलेल्यांपैकी एकच गोळी लगेच घ्या, बाकीच्या राहिलेल्या सोडून द्या, आणि रोजचा क्रम सुरू ठेवा. सगळ्या एकदम गिळून भरपाई करायची नाही, त्याने फक्त उलट्या होतील. पुढे सलग ७ दिवस पांढऱ्या गोळ्या घेऊन होईपर्यंत निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचा.

पाकिटातला कुठला आठवडा चालू आहे हेही बघा. पहिल्या आठवड्यातली चूक सगळ्यात महागात पडते. कारण त्याच्या आधी सात दिवस हार्मोन नव्हतंच, त्यात आणखी दोन-तीन दिवसांची भर पडली की बीजांड तयार व्हायला वेळ मिळतो. या आठवड्यात गोळ्या राहिल्या आणि संबंधही आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल, म्हणजे संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात तिच्याबद्दल, लगेच आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. ती ७२ तासांच्या आत घ्यायची असते, आणि जितकी लवकर तितकी चांगली. तिच्यामुळेही पुढे डाग पडतात, पाळी मागेपुढे होते, हे माहीत असू द्या. दर महिन्याला तातडीची गोळी घेत राहणं मात्र अजिबात बरोबर नाही. पाळीचं गणित पार बिघडतं आणि रोजच्या गोळीइतका भरवसाही त्यात नाही. तिसऱ्या आठवड्यात राहिल्या असतील, तर उरलेल्या पांढऱ्या संपवा, लोहाचा आठवडा सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी सरळ नवं पाकीट उघडा. त्या महिन्यात पाळी येणार नाही, चिंता नको.

फक्त लोहाची गोळी राहिली असेल तर ती टाकून पुढे चला.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी पांढरी गोळी घ्या. जुलाब-उलट्या दोन दिवसांच्या वर चालू राहिल्या, तर त्या दिवसांत घेतलेल्या गोळ्या घेतल्याच नाहीत असं धरून वरचाच दोन गोळ्यांचा नियम लावा. जत्रेनंतर, पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाणी येतं तेव्हा, डागांची तक्रार घेऊन बायका येतात. विचारल्यावर आधीच्या आठवड्यातले जुलाब निघतात, आणि ते सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलेलंच नसतं.

दुसरं कुठलं औषध चालू आहे का

इथे मी फार खोदून विचारते, कारण टीबीचं औषध बायका लपवतात. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळीचं हार्मोन शरीरातून लवकर काढून टाकतं. मग डाग पडतात, आणि इथे मात्र डाग हा खरा इशारा असतो, कारण गर्भ राहू शकतो. टीबीचं औषध एक दिवसही सोडायचं नाही. गर्भनिरोधक बदलायचं. रिफॅम्पिसिन संपल्यावरही चार आठवडे त्याचा असर राहतो. तोवर कॉपर-टी किंवा अंतरा इंजेक्शन बरं, त्यांच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही.

फिट्सच्या काही औषधांचंही असंच आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांची नावं तुमच्या चिठ्ठीवर आहेत का बघा. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे, तिथे गर्भनिरोधक गोळीमुळे फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी होतं आणि फिट येऊ शकते. एचआयव्हीच्या काही औषधांबाबतही एआरटी केंद्रात विचारून घ्या. सर्दी-खोकल्याला, दाताला, लघवीच्या जळजळीला जी नेहमीची अँटिबायोटिक देतात, त्यांनी गोळी निकामी होत नाही. पण त्यांनी जुलाब लागले तर वर सांगितलंय तसं करा.

तंबाखूचं सांगा, न लाजता. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांना गोळीवर मधले डाग जास्त पडतात. मिश्रीही तंबाखूच आहे, तपासणीत तीही सांगायची. वय ३५ च्या पुढे आणि विडी-सिगारेट चालू असेल, तर या गोळ्याच घेऊ नयेत, रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

गौरी-गणपती, लग्न, वारी

श्रावण उजाडला की हे सुरू होतं. घरात पूजा आहे, पाळी पुढे ढकलायची म्हणून मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणायच्या, आणि त्या माला-डीच्या वर घ्यायच्या. मग डाग, मग भीती. तुम्ही आधीच पांढऱ्या गोळ्या घेत असाल तर दुसरी कुठलीच गोळी लागत नाही. लोहाच्या सात गोळ्या सोडा आणि पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या लगेच सुरू करा, पाळी पुढे जाते. असं लांबवल्यावर मधे थोडे डाग पडू शकतात, विशेषतः पहिल्यांदा करताना. म्हणून ऐन गौरीच्या महिन्यात पहिला प्रयोग करू नये, आधी एखाद्या महिन्यात करून बघावा. सलग पाकिटं घेताना डाग थांबतच नसतील, तर किमान २१ पांढऱ्या घेऊन झाल्यावर तीन-चार दिवस गोळी थांबवून पुन्हा सुरू करता येते. महिन्यातून एकदाच, त्याहून जास्त नाही.

पाळी लांबवण्यासाठी मिळणारी ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी गर्भनिरोधक म्हणून घेतलेली नसते, तिच्यावर त्या बाबतीत विसंबू नका. ती थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

छाया आणि अंतरा

छाया घेणाऱ्यांनी वरचे माला-एनचे नियम स्वतःला लावू नयेत. छाया म्हणजे सेंटक्रोमॅन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी. दुकानात हीच सहेली नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, आणि असंच दर रविवारी-बुधवारी. तीन महिन्यांनंतर फक्त रविवारी. हिच्यात डागांपेक्षा पाळी लांबण्याची आणि कमी होण्याची तक्रार जास्त असते. पाळी ठरल्या तारखेच्या पंधरा दिवसांपलीकडे गेली तर तपासणी करून घ्या. गोळी राहिली आणि सात दिवस झाले नसतील तर आठवताच घ्या, पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांपेक्षा जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन. सुरुवातीला अनियमित रक्त, नंतर बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. इंजेक्शन देताना हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या डोसला येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर आज माझ्याकडून ऐका, पाळी बंद होणं हा या इंजेक्शनचा अपेक्षित परिणाम आहे.

लिहून ठेवायचं कसं

भिंतीवरचं कालनिर्णय आणि एक बॉलपेन. थोडा डाग, ज्याला पॅड लागलं नाही, त्या दिवशी तारखेखाली एक ठिपका. पॅड किंवा कापडाची घडी घ्यावी लागली तर उभी रेघ, आणि जितकी पॅड तितक्या रेघा. गोळी राहिली तर फुली. संबंधानंतर रक्त दिसलं तर ठिपक्याभोवती गोल. घरात सगळ्यांच्या नजरेला पडतं असं वाटत असेल तर गोळीच्या पाकिटामागच्या कोऱ्या जागेवर करा. एवढ्या चार खुणा असल्या की डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात चित्र कळतं. "खूप जातं" किंवा "सारखंच जातं" यावरून कुणालाच काही कळत नाही.

एक महिन्याच्या खुणा समोर आल्या की बहुतेक वेळा फुलीनंतर दोन-तीन दिवसांनी ठिपके सुरू झालेले दिसतात. मग बाईच हसते. आता तिला कारण कळलेलं असतं, भीती गेलेली असते.

गर्भ आहे का, हे तपासून घ्या

गोळ्या राहिल्या असतील, टीबीचं औषध असेल, किंवा लोहाच्या आठवड्यात सलग दोनदा पाळी आली नसेल, तर तपासणी करायचीच. आशाताईंकडे निश्चय नावाचं किट असतं. सकाळची पहिली लघवी घ्या, किटवर लिहिलेल्या वेळेतच रेघा वाचा. संबंध येऊन तीन आठवडे झाले असतील तर निकालावर भरवसा ठेवता येतो. रक्त येतंय म्हणजे गर्भ नाही, असं धरून चालू नका. गर्भाशयाबाहेर, नळीत राहिलेल्या गर्भातही थोडं थोडं रक्त जातं.

या खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तासांच्या वर चाललंय. मोठ्या गाठी पडतायत. उभं राहिलं की चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखतंय, खांद्यात कळ जातेय. ताप आणि घाण वासाचं पाणी. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

रक्तस्रावाशी संबंध नसलेल्या पण गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला पाठ असाव्यात अशा आणखी काही खुणा आहेत. छातीत दुखणं, दम लागणं, एका पायाच्या पोटरीला सूज येऊन ठणकणं, अचानक कधी नव्हे असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अर्धं दिसणं, बोलताना जीभ अडखळणं. फक्त इथे गोळी लगेच थांबवायची आणि सरळ दवाखाना.

संबंधानंतर रक्त येत असेल तर एक-दोन आठवड्यांत तपासून घ्या. गर्भाशयाच्या तोंडाला संसर्ग, छोटा कोंब, किंवा तिथल्या पेशींतला बदल असू शकतो. तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, गर्भाशयाच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिड लावून बघतात, काही मिनिटांचं काम. गोळीमुळे डाग पडतायत असं समजून वर्षभर बसून राहिलेली बाई मी पाहिलीय. म्हणूनच सांगते, डागांचं कारण गोळीच असेल असं घरी बसून ठरवू नका.

डॉक्टरांपुढे काय बोलायचं

पाकीट आणि कॅलेंडरचं पान सोबत घ्या. बोलायला लाज वाटते हे मला माहीत आहे, म्हणून वाक्यं तयारच देते. "गोळ्या सुरू करून इतके महिने झाले. या तारखांना डाग होते, या तारखांना पॅड लागलं. या दोन गोळ्या राहिल्या होत्या. संबंधानंतर रक्त येतं / येत नाही. टीबीचं, फिटचं, बीपीचं औषध चालू आहे / नाही." एवढं पुरे. बीपी मोजून घ्या आणि हिमोग्लोबिन करून घ्या, दोन्ही तिथेच होतं.

तीन महिने नीट गोळ्या घेऊनही डाग थांबले नाहीत, तर डॉक्टरांकडे उपाय आहेत. काही दिवसांसाठी आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी देतात, त्याने तेवढ्यापुरतं रक्त कमी होतं. आम्लपित्ताचा, अल्सरचा त्रास असेल तर तो आधी सांगा, आणि अशी गोळी मनाने घेऊ नका. खाजगी दवाखान्यातून २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल, तर तिच्यावर ३० वाल्या गोळीपेक्षा डाग जास्त पडतात, बदलून मिळते. रक्त थांबावं म्हणून स्वतःच्या मनाने दोन-दोन गोळ्या घेणं मात्र नको.

आणि पिशवी काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर तिथेच होय म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. पांढरं जातं, लाल जातं, पोट दुखतं, एवढ्यावर तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. गोळीवरच्या डागांसाठी पिशवी काढत नाहीत. सोनोग्राफीचा कागद मागा, तो घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. १०४ वर फोन करूनही आरोग्याचा सल्ला मिळतो.

गोळी बदलायची ठरली तर मधे खंड पाडू नका. जुन्या पाकिटातली शेवटची पांढरी गोळी झाली की दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली. कॉपर-टी बसवायची असेल तर बसेपर्यंत गोळ्या चालू ठेवा, ती बसल्याबसल्या काम सुरू करते. फक्त पहिले काही महिने तिच्यावर पाळी जास्त जाते, तर हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. बाळ अंगावर पीत असेल आणि सहा महिन्यांचं झालं नसेल तर माला-एन सुरू करू नका, त्या काळात छाया चालते.